एअरलाइनच्या पायलटला हेलिकॉप्टर पायलट होता येईल का?

येईल, पण विमानाच्या लायसन्सवर नाही; डीजीसीएचं (भारतातली हवाई वाहतूक नियामक संस्था) हेलिकॉप्टरचं वेगळं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, काढावं लागतं. हवामान, रेडिओ, नेव्हिगेशन तुमचं पक्कं असतंच. खरी अडचण हाताच्या सवयीची. स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल संपत आल्याचा इशारा) वाजली की विमानात आपण नाक खाली दाबतो. रॉबिन्सन आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये लो आरपीएमचा (रोटरचा वेग कमी झाल्याचा) हॉर्न वाजल्यावर तेच केलंत, तर रोटरचा हब (पाती जोडलेला मधला भाग) मास्टवर, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर, आदळू शकतो. तिथे थ्रॉटल वाढवत कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलणारा दांडा) लगेच खाली, सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, बाजूला झुकवणारी दांडी) हलकेच मागे. हे अंगवळणी पडेपर्यंत एकट्याने उडायची घाई करू नका, अगदी कळकळीने सांगतो. कामाचं म्हणाल तर जुहूहून समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टरं जातात; तिथे तुमचा इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचा (बाहेर न दिसता फक्त उपकरणांवर उडण्याचा) अनुभव कामी येतो. सुरुवातीला मात्र पुन्हा को-पायलट व्हायची तयारी ठेवा.