वाचक विचारतात : बर्कशायरचा उन्हाळी कलाहंगाम

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला बर्कशायर नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे दर वर्षी जूनअखेरीपासून सप्टेंबरच्या उंबरठ्यापर्यंत संगीत, नृत्य, नाट्य आणि चित्रकला यांचा सलग हंगाम चालतो. गेल्या अंकात या हंगामाविषयी थोडक्यात लिहिले होते आणि त्याला अमेरिकी कलावारशाचा उत्सव म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : बर्कशायरमधील टँगलवूड येथे बॉस्टन सिम्फनी वाद्यवृंद बेथोव्हन आणि मोझार्ट वाजवतो. हे संगीत युरोपचे आहे. मग या हंगामाला अमेरिकी कलावारशाचा उत्सव म्हणणे कितपत योग्य आहे? (एक वाचक, पुणे)

आपली शंका रास्त आहे. या वाद्यवृंदाचा टँगलवूडमधील हंगाम बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीने संपवण्याची तर प्रथाच पडून गेली आहे. तथापि केवळ कार्यक्रमपत्रिका पाहून या मुलुखाची ओळख पटत नाही. त्यासाठी एकच रचना उदाहरणादाखल घेऊ. अमेरिकी संगीतकार आरन कोपलंड यांनी नर्तकी मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यासाठी ‘अ‍ॅपलाचियन स्प्रिंग’ हे संगीत रचले आणि १९४४ साली वॉशिंग्टनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. अमेरिकेचा स्वतःचा असा सूर कोणता, असे विचारले तर आजही अनेक जण याच रचनेकडे बोट दाखवतात.

या रचनेचे तीन धागे बर्कशायरमध्ये येऊन मिळतात. १९४० साली टँगलवूडमध्ये तरुण संगीतकारांसाठी उन्हाळी विद्यालय सुरू झाले, तेव्हापासून कोपलंड तेथे रचनाशास्त्र शिकवत होते आणि पहिल्याच वर्षीच्या विद्यार्थ्यांत पुढे विख्यात झालेले संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन होते. ग्रॅहॅम यांचे नृत्यशिक्षण रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन या दांपत्याच्या ‘डेनिशॉन’ संस्थेत झाले. त्याच शॉन यांनी पुढे बर्कशायरमधील बेकेट गावाजवळ शेतवाडी विकत घेऊन ‘जेकब्ज पिलो’ हे नृत्यकेंद्र उभे केले. तिसरा धागा मला सर्वांत मोलाचा वाटतो. या रचनेच्या उत्तरार्धात जी साधीसरळ धून पुन्हा पुन्हा नव्या रूपात येते, ती ‘सिंपल गिफ्ट्स’ नावाची, शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची आहे. हे लोक ब्रह्मचर्य पाळत, सर्व संपत्ती सामायिक ठेवत आणि नाचत-गात उपासना करत. त्यांची वसाहत याच भागात, हॅनकॉक येथे १९६० पर्यंत नांदत होती आणि आता तिचे संग्रहालय झाले आहे. तेथे १८२६ साली बांधलेला वर्तुळाकार दगडी गोठा अजून उभा आहे. सर्व गाईंची तोंडे मध्यभागाकडे असल्यामुळे मधल्या एकाच गंजीतून साऱ्या कळपाला वैरण घालता येई आणि गवताची गाडी वरच्या मजल्यावर शिरून, गोल फिरून, मागे न वळवता बाहेर पडत असे. ती धून जितकी नेटकी आहे, तितकाच हा गोठाही नेटका आहे. ही तिन्ही ठिकाणे मोटारीने साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. म्हणून मी या हंगामाला अमेरिकी वारशाचा उत्सव म्हणते आणि त्या शब्दावर ठाम आहे.

प्रश्न : मोठ्या शहरांपासून इतक्या दूर हे सारे उभे कसे राहिले? (एक वाचक, नागपूर)

स्थानिक लोकांच्या चिकाटीमुळे. तेथील पहिले वाद्यवृंद-महोत्सव १९३४ पासून उघड्यावर आणि पुढे तंबूत होत असत. १२ ऑगस्ट १९३७ रोजी तंबूत वाग्नरच्या संगीताचा कार्यक्रम चालू असताना असा वादळी पाऊस कोसळला की वादन थांबवावे लागले. महोत्सवाच्या प्रमुख गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनी त्याच संध्याकाळी श्रोत्यांना पक्क्या सभागृहासाठी देणग्या देण्याचे आवाहन केले. सुप्रसिद्ध वास्तुकार एलिएल सारिनेन यांनी आराखडा केला खरा, परंतु जमलेल्या पैशांत तो बसेना. एवढ्या पैशांत नुसती शेड उभी राहील आणि तिला वास्तुकाराची गरज नाही, असे त्यांनी कळवले. तेव्हा स्टॉकब्रिज गावचे अभियंता जोसेफ फ्रान्झ यांनी आराखडा सुटसुटीत केला आणि ४ ऑगस्ट १९३८ रोजी सुमारे पाच हजार आसनांचे, बाजूंनी मोकळे असे सभागृह खुले झाले. आजही त्याला ‘शेड’ असेच म्हणतात.

याच फ्रान्झ यांनी पुढे जेकब्ज पिलोसाठी लाकडी नाट्यगृह आखले. १९४२ साली उघडलेले हे नाट्यगृह केवळ नृत्यासाठी बांधलेले अमेरिकेतील पहिले नाट्यगृह मानले जाते. पुरुषाने नाचणे कमीपणाचे समजले जात होते, अशा काळात शॉन यांनी १९३३ मध्ये केवळ पुरुषांचे नृत्यपथक काढले होते. हे तरुण स्वतः झाडे तोडत, बांधकाम करत, कोठारात नाचत आणि जमलेल्या प्रेक्षकांना चहाही स्वतःच देत.

प्रश्न : या वारशात कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना स्थान आहे का, की हा केवळ श्रीमंत गोऱ्यांचा उन्हाळा आहे? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे धनिकांनी हवेल्या बांधल्या आणि तिकिटांचे दर आजही सर्वांना परवडणारे नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा जन्म १८६८ साली याच भागातील ग्रेट बॅरिंग्टन गावी झाला. त्यांच्या १९०३ च्या प्रसिद्ध निबंधसंग्रहात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी गुलामांच्या भजनांची स्वरलिपी छापलेली आहे, कारण ती गाणी हे अमेरिकेचे अस्सल संगीत आहे, अशी त्यांची धारणा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली याच डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती आणि डुबॉइस यांनी त्यांना आदराने उत्तर पाठवले होते. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे जीवन टिपणारे छायाचित्रकार जेम्स व्हॅनडरझी यांचा जन्मही येथलाच, लेनॉक्सचा. टँगलवूडपासून चालत जाण्याच्या अंतरावर ‘म्युझिक इन’ नावाचे ठिकाण होते. तेथे १९५७ ते १९६० या काळात पियानोवादक जॉन लुईस यांच्या देखरेखीखाली जॅझचे उन्हाळी विद्यालय चालले.

चित्रकार नॉर्मन रॉकवेल १९५३ पासून अखेरपर्यंत स्टॉकब्रिजमध्ये राहिले. न्यू ऑर्लीन्समध्ये गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या सहा वर्षांच्या कृष्णवर्णीय रूबी ब्रिजेस हिचे त्यांचे चित्र १९६४ साली प्रसिद्ध झाले आणि आता ते तेथील रॉकवेल संग्रहालयाच्या मालकीचे आहे. पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी ताठ चालते आहे, पुढेमागे चालणाऱ्या चार सरकारी रक्षकांचे चेहरे चौकटीबाहेर राहिले आहेत आणि मागच्या भिंतीवर फेकलेल्या टोमॅटोचा लाल ओघळ आहे. या चित्रापुढे उभे राहिल्यावर सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेले शेण आठवल्याखेरीज राहत नाही.

मूळ रहिवाशांबाबत मात्र उत्तर क्लेशदायक आहे. स्टॉकब्रिज हे मोहिकन लोकांचे गाव होते. त्यांना तेथून हटावे लागले आणि त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिनमध्ये राहतात. आता त्यांचा उल्लेख येथील संस्था आवर्जून करतात. उल्लेखाने गेलेली जमीन परत मिळत नाही.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत असते. आम्ही उभयता जुलैत तिच्याकडे जाणार आहोत. पाश्चात्त्य संगीत कळत नाही. दोन दिवसांत काय पाहावे? (एक वाचिका, ठाणे)

टँगलवूडला शेडमधील आसनांपेक्षा बाहेरच्या हिरवळीचे तिकीट स्वस्त असते. सतरंजी आणि डबा घेऊन जावे. सवाई गंधर्व महोत्सवातील भारतीय बैठकीची सवय असलेल्याला तेथे परके वाटत नाही. रात्री गारठा पडतो, त्यामुळे शाल जवळ असू द्यावी. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५८ साली वाद्यवृंद-संचालन शिकण्यासाठी येथेच आले होते आणि त्यांनी त्या उन्हाळ्याचे दुसरे पारितोषिक मिळवले होते.

जेकब्ज पिलोमध्ये डोंगराच्या पार्श्वभूमीवरील उघड्या रंगमंचावर नृत्ये होतात, ती चुकवू नयेत. सेंट डेनिस यांनी १९०६ मध्ये ‘राधा’ हे नृत्य भारत न पाहताच रचले होते. १९६२ साली याच केंद्रात बालसरस्वती यांनी भरतनाट्यम् सादर केले, तेव्हा तेथील प्रेक्षकांना कल्पनेतला नव्हे, तर खरा अभिनय पाहायला मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉकब्रिजजवळील ‘चेस्टरवूड’ येथे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकातला बसलेला लिंकन घडवणारे शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच यांची ही कर्मशाळा आहे. तेथील जमिनीत रेल्वेचे रूळ बसवलेले आहेत. घडत असलेली मूर्ती गाड्यावर ठेवून, उंच दारे उघडून, ती रुळांवरून बाहेर अंगणात ढकलत नेत आणि पुढे उघड्यावर उभी राहणारी मूर्ती खऱ्या उन्हात कशी दिसेल, हे फ्रेंच तेथे उभे राहून पाहत. लिंकनची मूर्ती मात्र छताखाली बसवली गेली आणि समोरून, खालून परावर्तित होणाऱ्या उजेडामुळे तिच्या चेहऱ्यावरचा भाव बिघडला. शेवटी वर छतात विजेचे दिवे बसवून तो पूर्ववत करावा लागला. कर्मशाळेत त्या मूर्तीचे प्रारूप ठेवलेले आहे. ते पाहून झाल्यावर मोठ्या दारातून बाहेर येऊन अंगणातले रूळ जेथे संपतात, तेथपर्यंत चालत जावे.