सीव्हीवर कोणतं नाव लिहू?

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि भरती
(उत्तरं देणाऱ्या ताई मूळच्या सातारच्या. इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या भरती विभागात त्यांनी बरीच वर्षं काम केलं.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडची. पुण्यात एका बँकेत क्रेडिट रिस्कचं, म्हणजे कर्ज बुडण्याची जोखीम मोजण्याचं, काम करत होते. नवऱ्याला इथे इंग्लंडमध्ये नोकरी लागली म्हणून लेस्टरला आलो. तेव्हापासून मी अर्ज करतेय. बहुतेक ठिकाणांहून काहीच कळत नाही, आणि कळलं तर तोच ठरलेला नकार. माझं नाव ‘ज्ञ’नं सुरू होतं, इथे ते कोणाला धड वाचता येत नाही. शेजारच्या गुजराती मैत्रिणीनं सीव्हीवर ‘टीना’ लिहिलं आणि तिला लगेच फोन आला. ती म्हणते, तूही ‘डायना’ लिही. नवरा म्हणतो, उगाच वर्णभेदावर खापर फोडू नकोस, सीव्हीच कमी पडत असेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : आधी तुझ्या नवऱ्याला हे वाचायला दे. २००८-०९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या वर्क अँड पेन्शन्स खात्यानंच एक चाचणी करून घेतली होती. लंडन, बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड, ग्लासगो अशा सात शहरांतल्या ९८७ जागांसाठी प्रत्येकी तीन अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव तोलामोलाचे, वेगळं होतं ते नाव. एक नाव गोऱ्या इंग्रजाचं, बाकीची दोन आफ्रिकी, कॅरेबियन, चिनी, भारतीय किंवा पाकिस्तानी-बांगलादेशी वळणाची. एक होकारार्थी उत्तर मिळवायला गोऱ्या नावाला सरासरी ९ अर्ज पुरले, इतरांना १६ लागले. पुढे २०१६-१७ मध्ये ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजच्या संशोधकांनी सुमारे ३,२०० नोकऱ्यांसाठी असेच अर्ज केले. तिथे १०० पैकी २४ गोऱ्या अर्जदारांना प्रतिसाद आला, अल्पसंख्याकांपैकी १५ जणांना. नोकरीत वंशभेदाला मनाई करणारा कायदा या देशात १९६८ पासून आहे, तरी ही स्थिती. तेव्हा तुला जे जाणवतंय ते मनाचे खेळ नाहीत.

तरीही तुझा प्रत्येक नकार नावामुळेच आला असं मी म्हणणार नाही, कारण भरतीच्या टेबलावर आणखी एक गोष्ट मी सतत पाहिली. शिक्षण पुण्याचं, अनुभव पुण्याचा दिसला की सीव्ही चाळणारा माणूस गृहीत धरतो की हिला व्हिसासाठी स्पॉन्सर करावं लागणार. त्यात पैसा जातो, कागदपत्रं वाढतात, म्हणून अर्ज बाजूला जातो. तू नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेन्डंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली जोडीदार, म्हणून आली असशील तर तुला स्पॉन्सरशिप लागतच नाही. पण हे त्याला कोण सांगणार? सीव्हीच्या अगदी वर, फोन नंबरच्या खाली एक ओळ लिही : ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आहे, स्पॉन्सरशिपची गरज नाही. सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव असं काही असेल तर काढून टाक. आपल्याकडच्या बायोडेटाची ती सवय आहे. इथे त्याची गरज नसते आणि त्यातून वाचणाऱ्याला अंदाज बांधायला नको ते खाद्य मिळतं.

आता नावाचं. ‘टीना’ लिहिणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला मी नावं ठेवणार नाही. घरभाडं थांबत नाही, आणि सीव्हीवर रोजच्या वापरातलं नाव लिहिण्यात बेकायदा काही नाही. पासपोर्टवरचं नाव पुढे काम करण्याचा हक्क तपासताना द्यावं लागतं, एवढंच. तुला घरी कोणी लहान नावानं हाक मारत असेल आणि ते तुला आवडत असेल, तर खुशाल लिही. पण ज्या नावानं तुला कोणी कधी हाकच मारलेली नाही ते घेऊन रोज कामावर जायचं, हे मला पटत नाही. शिवाय त्यानं फक्त पहिलं दार उघडतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे, म्हणजे एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, ऑनलाइन अर्जावरचं नाव आणि वैयक्तिक माहिती निवड करणाऱ्यांना दिसत नाही. त्यामुळे पहिल्या चाळणीतून आपल्या मुली, नायजेरियाच्या मुली, फिलिपिन्सच्या मुली व्यवस्थित वर येतात. खरी गळती पुढे, मुलाखतीत. २०१५ पासून एनएचएस हे आकडे दरवर्षी स्वतःच छापते. मुलाखतीसाठी निवड झाल्यावर प्रत्यक्ष नेमणूक होण्याची शक्यता गोऱ्या उमेदवारांची इतरांच्या दीडपटीच्या आसपास राहिली आहे. अशा मुलाखतींनंतर खोलीत जी वाक्यं ऐकू येतात ती कठोर नसतात. ‘छान आहे, पण टीममध्ये रुळेल का?’ ‘थोडी बुजरी वाटली.’ ‘रुग्णांना तिचे उच्चार समजतील ना?’ मी दरवेळी एकच विचारायचे : हा शेरा कोणत्या प्रश्नाच्या गुणांत धरायचा? आमच्या गुणपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण असायचे आणि ‘रुळेल का’ असा रकाना नव्हता. एका अनुभवी परिचारिकेची निवड त्या एका प्रश्नामुळे टिकली. तिचे गुण सर्वांत जास्त होते, तरी बोलणं दुसऱ्या उमेदवाराकडे झुकलं होतं.

म्हणून माझा सल्ला असा, की नावापेक्षा कुठे अर्ज करायचा याची निवड बदल. सरकारी चाचणीतही दिसलं होतं की खासगी मालकांकडे भेद मोठा आणि सार्वजनिक क्षेत्रात फार कमी, कारण तिथे बहुतेक अर्ज ठरावीक नमुन्यात भरून घेतात. सिव्हिल सर्व्हिसनं, म्हणजे सरकारी खात्यांच्या नोकरसेवेनं, २०१५ मध्ये नाव झाकून निवड करायचं जाहीर केलं. कौन्सिल (आपल्या महापालिकेसारखी), विद्यापीठ, एनएचएस, सिव्हिल सर्व्हिस या सगळ्यांना आकडेमोड आणि जोखीम कळणारी माणसं लागतात. त्यांच्या जाहिरातीत आवश्यक पात्रतांची यादी असते. अर्जातल्या तुझ्या निवेदनात त्या यादीतल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमानं, पुण्यातल्या कामाचं एकेक उदाहरण देऊन उत्तर दे. आपली माणसं इथे कमी पडतात, ‘कष्टाळू आहे, लवकर शिकते’ असं मोघम लिहितात. त्याला गुण देता येत नाहीत. अर्जाबरोबर वंश, धर्म विचारणारा वेगळा फॉर्म येतो, तोही कोरा ठेवू नकोस. तो निवड समितीकडे जात नाही, आणि एनएचएसचे वर दिलेले आकडे अशाच फॉर्ममधून निघतात.

‘आम्ही सर्वांना समान संधी देतो’ या जाहिरातीतल्या ओळीवर मात्र विसंबू नकोस. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ही ओळ छापणाऱ्या कंपन्यांकडेही भेद कमी झालेला दिसला नाही. उलट ती वाचून अर्जदार आपली ओळख कमी लपवतात, आणि नुकसान त्यांचंच होतं.

मुलाखत होऊन नकार आला तर अभिप्राय लेखी माग. २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट अर्जदारांनाही लागू आहे, आणि त्यात रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ सगळं येतं. मुलाखतीत तुझ्याबद्दल केलेल्या नोंदी डेटा संरक्षण कायद्याखाली तुला मागता येतात. काही गंभीर वाटलं तर लगेच एकास (Acas) या नोकरीतल्या तंट्यांवर सल्ला देणाऱ्या सार्वजनिक संस्थेशी बोल. त्यांचा सल्ला मोफत असतो. नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे जायची मुदत मोजक्या महिन्यांची असते, विचार करण्यातच ती निघून जाते.

प्रश्न : पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी एचआर बघतो. आमचे डायरेक्टर प्रत्येक उमेदवाराला विचारतात, ‘मूळ गाव कोणतं? वडील काय करतात?’ गेल्या महिन्यात इंफाळचा एक मुलगा तांत्रिक चाचणीत पहिला आला. ‘हुशार आहे, पण क्लायंटसमोर कसा दिसेल? आणि ही मुलं टिकत नाहीत,’ असं म्हणून त्याला नाकारलं. मी काय करायला हवं होतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही हे लिहिलंत हे बरं केलंत. त्या मुलाचा चेहरा पाहून त्याला परका ठरवलं, हे सरळ म्हणू या. त्याच्या अर्जात, चाचणीत, कामात न टिकण्याचा कोणता पुरावा होता? तो प्रश्न पुण्याच्या मुलाला विचारला होता का? ईशान्येकडच्या तरुणांना दिल्ली, बंगळुरू, पुण्यात काय सोसावं लागतं हे काही लपलेलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून हिणवलं गेलं, मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी पाहायला केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. हॉटेलच्या स्वागतकक्षात, स्पामध्ये, विमानात हीच मुलं आपल्याला चालतात. क्लायंटच्या मीटिंगला नको असतात. यात कंपनीचंही नुकसान आहे, पण मला जास्त लागतं ते त्या मुलाचं.

वडिलांचा प्रश्न तितकाच गंभीर आहे, कारण त्यातून जात चाचपली जाते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी २००५-०६ मध्ये दिल्ली-मुंबईसह मोठ्या शहरांतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी असूनही दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी एचआर प्रमुखांच्या मुलाखती घेतल्या. ते सगळे गुणवत्तेचंच बोलत होते आणि त्याच दमात घरची पार्श्वभूमीही महत्त्वाची म्हणत होते. ज्याचे वडील ऊसतोड करतात त्या मुलानं या प्रश्नाला काय उत्तर द्यावं म्हणजे तुमचे डायरेक्टर खूश होतील?

राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकऱ्यांत वंश, जात, जन्मस्थान यांवरून भेदाला मनाई करतं. खासगी भरतीत जातीवरून किंवा वंशावरून भेद करायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून तुमच्यासारख्यांवर जबाबदारी जास्त येते. पुढच्या भरतीआधी प्रश्न लेखी ठरवा, सगळ्यांना तेच विचारा, आणि चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपापले गुण लिहून तुमच्याकडे द्यावेत असा नियम करा. डायरेक्टर वरिष्ठ आहेत, तोंडावर वाद घालणं सोपं नाही, हे मला कळतं. गुणांचा कागद समोर असला की वाद घालावा लागत नाही. नाकारण्याचं कारण एका ओळीत लिहा आणि खाली त्यांची सही घ्या. ‘क्लायंटसमोर कसा दिसेल’ हे सही करून लिहायला माणूस कचरतो. आणि ती जागा अजून भरली नसेल तर इंफाळच्या मुलाला फोन करा.

प्रश्न : मुलगा टोरांटोला आहे. ‘कॅनडाचा अनुभव नाही’ म्हणून सगळीकडे नकार. आम्ही इथून काय सांगावं?
– एक वडील, नाशिक

उत्तर : टोरांटोतल्या मालकांवर फिलिप ओरिओपोलोस या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांचे, बाहेरच्या शिक्षण-अनुभवाचे अर्ज मागे पडले. ब्रिटनहून आलेल्यांचा अनुभवही परदेशीच, पण त्यांना ती अडचण आली नाही. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगानं २०१३ मध्येच कॅनडाच्या अनुभवाची अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरते असं धोरण जाहीर केलं. आता तर १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला सार्वजनिक जाहिरातीत ही अट घालताच येत नाही. मुलाला सांगा, अशी जाहिरात दिसली की तिचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेव.