‘छावा’ संपली, आता पुढची ऐतिहासिक कादंबरी कोणती घेऊ?

माझं मत विचाराल तर सरळ ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ घ्या. नायक यशवंतराव होळकर. बहुतेकांना हे नाव ऐकून माहीत असतं, माणूस माहीत नसतो. 1801 मध्ये पुण्यात त्यांच्या भावाला, विठोजीला, हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी याच यशवंतरावांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि दुसरे बाजीराव पळत सुटले. असा माणूस हाती लागल्यावर कादंबरीकाराला आणखी काय हवं! इनामदारांचा हात अशा बदनाम, बाजूला पडलेल्या माणसांवरच जास्त चालतो. ‘झेप’मध्ये पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे आहेत, ‘मंत्रावेगळा’त तर खुद्द दुसरे बाजीरावच.

युद्धाची कथा हवी असेल तर विश्वास पाटलांची ‘पानिपत’. लढाई 14 जानेवारी 1761 ची, पण खरा जीव टांगणीला लागतो तो त्याआधी: रसद तुटलेली, छावणीत उपासमार, घोडीसुद्धा अन्नावाचून मरताहेत. नावांची गर्दी खूप आहे. सुरुवातीला गोंधळ होतो, नेट लावून वाचा.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ हलकी, गोड. थोरले माधवराव पेशवे आणि त्यांची पत्नी रमाबाई. संवाद मला जरा नाटकी वाटतात, पण हट्टी वाचकालाही रडवते.

देसाईंचीच, शिवाजी महाराजांवरची ‘श्रीमान योगी’ घेतलीत तर समीक्षक नरहर कुरुंदकरांचं प्रस्तावनेतलं पत्र गाळू नका. कधीकधी वाटतं, कादंबरीपेक्षा तेच सरस आहे.