दोन काठ्या रोवून, दोनदा जीपीएस घेऊन ध्रुवीय हिमनदीचा वेग काढता येतो का?

येतो. पण तो दोन मोजण्यांमधला सरासरी वेग असतो. पश्चिम अंटार्क्टिकातला व्हिलन्स हिमप्रवाह भरती-ओहोटीच्या तालावर दिवसातून साधारण दोनदा झटका घेतो, अर्ध्या तासात जवळपास अर्धा मीटर, आणि मग पुन्हा मुकाट. दोन भेटींत हे कळायचं नाही. त्यासाठी रिसीव्हर तिथेच ठेवून सलग नोंद घ्यावी लागते. (बॅटरी उतरू देऊ नका, उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी थंडीत गोठून फुटते.)

खरी फसगत काठीची होते. अ‍ॅल्युमिनियमची काठी उन्हात तापते, भोवतीचा बर्फ वितळून भोक सैल होतं आणि काठी कलते. 2 मीटर वर राहिलेली काठी 5 अंश कलली की टोक 17 सेंटिमीटर सरकतं. वर्षाला 5 मीटर वाहणारा बर्फ 12 दिवसांत सरकतो 16 सेंटिमीटर! म्हणजे टोकावर अँटेना ठेवणारा बर्फाचा नव्हे, कलाचा वेग मोजून येतो. गिरमिटाने खोल भोक घ्या, निम्म्याहून जास्त काठी आत जाऊ द्या. प्रत्येक भेटीत कलाचा कोन, त्याची दिशा आणि वर उरलेली लांबी लिहा, आणि स्थान काठी बर्फात शिरते तिथलं काढा. बर्फ साचणाऱ्या भागात काठी गाडली जाते, तिथे जोड लावावा लागतो. जोडाची लांबी वहीत नसेल तर ती काठी गेली समजा.

अंतर नकाशाच्या जाळीवरून मोजू नका. 71 अंश अक्षांशावर प्रमाण बरोबर धरलेल्या ध्रुवीय प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीत) ध्रुवाजवळचं अंतर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास कमी भरतं.

आता बेस स्टेशन, म्हणजे ज्याच्या तुलनेत काठीचं स्थान काढतात तो एका जागी ठेवलेला दुसरा जीपीएस रिसीव्हर. त्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. सोय म्हणून ते छावणीत ठेवणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. छावणी हिमनदीवर असेल तर तीही वाहतेय, म्हणजे हाती येतो नुसता काठी आणि छावणी या दोघींच्या वेगांतला फरक. बेस उघड्या खडकावरच हवा, बर्फातून डोकं काढलेला एखादा सुळकाही चालेल. खडक फार लांब असेल तर काही तासांची सलग नोंद घेऊन, उपग्रहांच्या अचूक कक्षा वापरून बेसशिवायही स्थान काढता येतं, हे मान्य. हिमनदीच्या समुद्रावर तरंगत्या जिभेवर मात्र भरतीचा चढउतार वेगळा काढावा लागतो. आणि छावणीतच बेस ठेवायचा हट्ट असेल, तर आधी त्या बेसचा वेग काढून दाखवा.