उसना कोट आणि ओळखीचा चेहरा

प्रिय मित्रा,

राज कपूरच्या ‘श्री ४२०’ या चित्रपटावरचा तुझा लेख वाचला. भाषा छान आहे, पण ‘गरिबीने राजला भ्रष्ट केलं’ हे वाक्य आधी काढून टाक.

क्रम बघ. राज अलाहाबादहून मुंबईला येतो, प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक गहाण टाकतो. तू इथेच थांबलास. पुढे तो दंतमंजन विकतो, जय भारत लाँड्रीत कामाला लागतो, विद्या नावाच्या गरीब शिक्षिकेवर जीव जडवतो. खिसा फाटका, पण अजून कुणाला लुबाडलेलं नाही. पाय घसरतो तो नोकरी लागल्यावर! धुतलेले कपडे पोचवायला माया या उच्चभ्रू बाईकडे जातो, ती त्याची पत्त्यांतली हातचलाखी हेरते आणि झकपक कपडे चढवून त्याला बड्यांच्या जुगारात बसवते. लोकांचे कपडे पोचवणारा कपड्यांनाच भुलला. यावर तू एक ओळही लिहू नयेस?

चौपाटीचा प्रसंग परत लाव. इकडे राज मंजन विकतोय, तिकडे सेठ सोनाचंद धर्मानंद हा लबाड धनिक भाषण ठोकतोय. दोघंही विक्रेतेच, फक्त सेठची डबी दिसत नाही.

मुखवटा म्हटलं की तू मायाच्या पार्टीकडे धावलास. मायाच्या भूमिकेतली नादिरा पडद्यावर असताना सगळेच धावतात, मीही धावलो होतो. पण उंची कोट हा राजचा कच्चा मुखवटा. पक्का मुखवटा सेठच्या, शंभर रुपयांत घर देण्याच्या फसव्या योजनेत आहे; तिथे राजलाच पुढे केलं जातं. फुटपाथवरची माणसं पैसे आणून देतात ती सोनाचंदकडे बघून नव्हे. त्याची हवेली ती रोजच बघतात. ती देतात आपल्या राजकडे बघून. सेठला हवा होता तो हाच ओळखीचा, गरीब, हसरा चेहरा. म्हणजे राजचा खरा चेहराच मुखवटा म्हणून वापरला गेला. १९५५च्या या कथेमागे ख्वाजा अहमद अब्बास आणि आपले वसंत साठे होते. गरिबाला नुसतं बिचारं करून सोडणारी ही लेखणी नव्हे.

आणि गंगामाई तुझ्या लेखात कुठेच नाही! ललिता पवारांना आपण खाष्ट सासू म्हणून कायमचं कोंडून ठेवलंय. इथे त्या केळी विकतात. तीन आण्याला दोन, हा भाव. राज म्हणतो, दोन आण्याला तीन. तिच्याकडेही काही नाही, पण ती कुणाला फसवत नाही.

पुढचा खर्डा तिच्या टोपलीपासून सुरू कर आणि रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका