मुंबईहून कोकण किनाऱ्याने सायकलवर जायचं आहे. रायगड-रत्नागिरी कठीण, मग सिंधुदुर्गात आराम असं वाटतंय. प्रवास कुठे आणि कसा संपवावा?

पणजी गाठा असं बरेच जण सांगतील. मी म्हणेन त्याआधीच, सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला रेडी गावात थांबा, फार तर तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत जा. तिथून फेरीबोटीने गोव्यातल्या केरीला उतरलात की पुढे भाड्याच्या स्कूटर आणि पर्यटकांच्या गाड्या. इतके दिवस सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एकट्याने पॅडल मारल्यावर शेवटचे तास हॉर्न ऐकण्यात कशाला घालवायचे?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की रायगड-रत्नागिरी कठीण, मग सिंधुदुर्गात आराम. तसं होत नाही. इथला रस्ता जांभ्याच्या सड्यावर चढतो, खाडीला उतरतो आणि लगेच पुन्हा चढतो, हे शेवटपर्यंत चालू राहतं. फरक आहे तो बोटींचा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी जेट्टीवर बोटीची वाट बघावीच लागते. तेवढ्यात पाय मोकळे होतात, कोकम सरबत पोटात जातं. जयगडच्या पुढे खाड्यांवर पूल आहेत. वेळ वाचतो खरा, पण सक्तीची विश्रांती संपते आणि माणूस न थांबता रेटत राहतो. मग दमछाक होते ती नेमकी देवगड-मालवणच्या पट्ट्यात. मालवणात एक अख्खा दिवस सायकलला हात लावू नका. मासे खा, झोपा.

मालवणातून निघताना नकाशा बघून तारकर्ली-देवबागकडे वळू नका. सुंदर आहे, पण देवबाग म्हणजे कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी, पुढे रस्ताच नाही. चौके, धामापूर करत नेरूरपारच्या पुलावरून परुळ्याकडे जा. धामापूरचा तलाव वाटेतच आहे, तिथल्या सावलीत बसल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. या भागात कोणीही हटकून विचारतं, "खंयसून इलात?" (कुठून आलात?) मुंबईहून म्हटलं की पुढचा प्रश्न, "आणि गाडी खंय?" (गाडी कुठे?)

शेवटचा मुक्काम वेंगुर्ल्याला ठेवा म्हणजे रेडीचा टप्पा अर्ध्या दिवसाचा होतो. तो मुद्दाम छोटा ठेवायचा, कारण वाटेत थांबण्यासारखं खूप आहे. मोचेमाडची घाटी चढून आरवलीला वेतोबाच्या देवळात जा. हा देव रात्री गावाची राखण करत पायी फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. शेकडो किलोमीटर आलेल्या माणसाला हा देव लगेच आपला वाटतो. पुढे शिरोडा. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, आणि वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिक्षक होते. मग रेडी: यशवंतगड, लोहखनिजाच्या खाणी, आणि त्याच खाणींच्या भागात 1976 मध्ये सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती. रेवस-रेडी सागरी मार्गाच्या नावातलं दुसरं गाव ते हेच.

पोचल्यावर आनंदाच्या उकळ्या वगैरे फुटतील असं धरून चालू नका. मला तरी आधी सडकून भूक लागली होती, आणि जेवण झाल्यावर उद्या कुठेच जायचं नाही हे जरा विचित्र वाटलं. फोटो काढायला कोणी नव्हतं, तेही बरंच झालं.

परतीसाठी सावंतवाडी स्टेशन जवळ पडतं. ते शहरात नाही, मळगावला आहे, म्हणजे रेडीहून अजून थोडी सायकल मारायची आहे. ताकद राखून ठेवा. सायकल पार्सलने पाठवायची तर कुठल्या गाडीला घेतात हे आधीच विचारा, गाडी जेमतेम थांबणारी असेल तर नाही म्हणतात. नाहीतर कुडाळ किंवा मडगाव बघा. दिवे, पंप, बॅगा काढून स्वतःजवळ ठेवा.

ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायचा बारीक व्हॉल्व्ह) असेल तर अडॅप्टर विसरू नका, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. आणि सायकल पार्सलला देण्याआधी मुक्कामाच्या घरी विहिरीचं बादलीभर पाणी मागून चेन धुवा, पुसा, तेल घाला. खाऱ्या हवेत लाल माती बसलेली चेन घरी पोचेपर्यंत गंजलेली असते.