वाचकांचे प्रश्न : कोणीही न प्यायलेली कॉफी

प्रश्न : 2017 च्या 11 जुलैला मी कामानिमित्त शिकागोत होतो. तेथील डेली प्लाझा या चौकात जमिनीवर हजारो लहान, बिनकानाचे कप मांडलेले होते. काही स्त्री-पुरुष त्यांत गरम कॉफी ओतत होते, पण ती कोणीच पीत नव्हते. एका बाईंनी कॉफीचे भांडे माझ्यापुढेही धरले. परंतु हा परक्यांचा धार्मिक विधी असावा, त्यात आपण हात घालू नये, असे वाटून मी मागे सरलो. बोस्नियातील हत्याकांडाशी त्याचा संबंध आहे, एवढेच तेव्हा कळले. तो काय प्रकार होता, आणि मी नकार दिला ते योग्य झाले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण पाहिलेत ते एक फिरते स्मारक होते. त्याचे नाव ‘श्तो ते नेमा’, म्हणजे ‘तू का नाहीस?’. ते उभारणाऱ्या कलावंत आयदा शेहोविच यांचा जन्म बोस्नियातील बान्या लुका शहरातला. 1992 मध्ये युद्धामुळे त्यांना घर सोडावे लागले आणि तुर्कस्तान, जर्मनी असा प्रवास करत त्या अमेरिकेत पोहोचल्या. 2006 मध्ये सारायेवो येथे त्यांनी पहिल्यांदा हे कप मांडले, तेव्हा ते 923 होते आणि स्रेब्रेनित्साच्या स्त्रियांच्या संघटनेने ते गोळा करून दिले होते. त्यानंतर दरवर्षी 11 जुलैला एका नव्या शहरात हे स्मारक सकाळपासून मांडले जाई आणि दिवस संपला की उचलले जाई. कप मात्र वाढत गेले, कारण जगभर विखुरलेली बोस्नियन कुटुंबे आपापल्या घरातले कप त्यासाठी देत राहिली.

11 जुलै हा स्रेब्रेनित्सा पडल्याचा दिवस. पूर्व बोस्नियातील हे लहानसे गाव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एप्रिल 1993 मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित केले होते आणि तेथे डच सैनिकांची तुकडी ठेवलेली होती. 1995 मध्ये रात्को म्लादिचच्या नेतृत्वाखालील बोस्नियन सर्ब सैन्याने गाव घेतले. जवळच्या पोतोचारी येथे आश्रयाला आलेल्या बोस्नियन मुस्लिम कुटुंबांतून पुरुष आणि मुलगे वेगळे काढण्यात आले; जंगलातून पळून जाऊ पाहणाऱ्यांपैकी हजारो जण वाटेत पकडले गेले. पुढच्या काही दिवसांत गोदामांत, शेतांत आणि शाळांच्या आसपास आठ हजारांहून अधिक जणांना ठार करण्यात आले. इतक्यावर ते थांबले नाही. काही आठवड्यांनी खुनाचा पुरावा नाहीसा करण्यासाठी यंत्रे लावून सामूहिक कबरी उकरल्या गेल्या आणि प्रेते दुसरीकडे नेऊन पुरली गेली, त्यामुळे एकाच माणसाची हाडे पुढे तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी सापडली.

आता कॉफीविषयी. बोस्नियात कॉफी ही तरतरीसाठी घाईघाईने घ्यायची वस्तू नव्हे. जेझ्वा नावाच्या लांब दांड्याच्या भांड्यात ती उकळतात, फिल्जान नावाच्या त्या बिनकानाच्या कपात ओततात आणि घरची माणसे, शेजारीपाजारी यांच्या सोबतीने सावकाश पितात. नवऱ्याबरोबर कॉफी प्यायला बसणे, याचीच सर्वांत जास्त उणीव भासते, असे तेथील एका विधवेने शेहोविच यांना सांगितले होते आणि स्मारकाची कल्पना त्यातूनच आकाराला आली. आपल्याकडे पितृपक्षात गेलेल्या माणसासाठी पान वाढतात, त्याची आठवण येथे होणे साहजिक आहे. माझ्या मनातही प्रथम तेच आले. तरी एक मोठा फरक आहे. श्राद्धाला सहसा मृत्यूची तिथी लागते, माणूस गेल्याची खात्री लागते. 2006 मध्ये यांतील कित्येक कुटुंबांपाशी या दोन्ही गोष्टी नव्हत्या, कारण हजारो मृतांची ओळख पटायची होती. म्हणून मला तो कप नैवेद्यासारखा वाटत नाही. उशीर झालेल्या माणसासाठी घरात काढून ठेवलेल्या कपासारखा वाटतो.

आपल्या नकाराने कोणाचा अवमान झाला, असे मुळीच समजू नये. मात्र तो धार्मिक विधी नव्हता, आणि वाटसरूंनी थांबावे, विचारावे, स्वतःच्या हाताने एखादा कप भरावा, ही त्या रचनेतली मूळ अपेक्षाच होती. छायाचित्रे किंवा अवशेष मांडलेल्या प्रदर्शनासमोर प्रेक्षक प्रेक्षकच राहतो. येथे त्याच्या हातात भांडे दिले जाते.

प्रश्न : ही घटना बोस्नियात घडली, मग तिचे स्मारक परदेशांतल्या चौकांत कशासाठी? शिवाय मृतांचा आकडा कुठे आठ हजार, तर कुठे 8,372 असा वाचायला मिळतो. त्यातला खरा कोणता? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शहरांची नावे पाहिली तर पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते. 2007 मध्ये हे कप न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयापाशी मांडले गेले आणि 2009 मध्ये नेदरलँड्समधील हेगला. ज्या संस्थेने संरक्षणाचे वचन दिले तिच्या दारात, आणि ज्या देशाचे सैनिक तेथे तैनात होते त्या देशात ती कॉफी ओतली गेली. पुढे जुलै 2019 मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने पोतोचारीतील डच सैनिकांच्या तळातून बाहेर काढल्या गेलेल्या सुमारे 350 पुरुषांच्या बाबतीत आपल्या सरकारवर 10 टक्के दायित्व ठेवले. इतके थोडे दायित्व पाहून मृतांच्या आयांना काय वाटले असेल, हे सांगायला नकोच.

दुसरे कारण गावातच आहे. युद्धानंतरच्या राज्यरचनेत स्रेब्रेनित्सा सर्बांच्या ताब्यातील घटक प्रजासत्ताकात गेले आणि तेथील बड्या नेत्यांनी हा वंशसंहार असल्याचे वारंवार नाकारले आहे. हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने 2004 मध्ये अपिलातही त्याला वंशसंहार ठरवले आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2007 मध्ये तोच निष्कर्ष काढला. तरीही या नकाराला कायद्याने गुन्हा ठरवण्यासाठी बोस्नियात 2021 साल उजाडावे लागले, आणि तेही तेथील शांतता करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीच्या आदेशाने. ज्यांना गावी परतून राहणे कठीण झाले, त्यांनी शिकागो, टोरांटो, झुरिक अशा आपल्या नव्या शहरांत ही आठवण मांडली. 2020 मध्ये, हत्याकांडाला 25 वर्षे झाली तेव्हा, हे कप पोतोचारीला नेण्यात आले आणि तेथे त्यांची शेवटची मांडणी झाली.

आकड्यांत विरोध नाही. ‘आठ हजार’ हा बोलण्यातला ढोबळ आकडा, तर 8,372 हा पोतोचारीच्या स्मारकशिळेवर कोरलेला. त्या शिळेवर 8372 या अंकांपुढे तीन टिंबे आहेत, कारण ती कोरली गेली तेव्हा मोजणी पूर्ण झाली आहे असे कोणीही धरले नव्हते.